नव्या शाळा काढणाऱ्यांच्या पाठीशी आपण उभे राहणार काय ?

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिक समारंभानंतर केलेले भाषण)



पारितोषिक-वितरणानंतर मुलांना उपदेशपर चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी आम्हांस केली. आम्ही वक्ते नव्हे. जुन्या अकरावीचे मॅट्रिक, त्यावर अध्यापनाची पदविका, आणि पुढे सेवानिवृत्तीपर्यंत खडू, फळा व हजेरीपट एवढीच आमची पुंजी. आज समोर बसलेल्या मंडळींत डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, हिशेबतपासनीस आहेत; काहींची मुले सातासमुद्रापलीकडे आहेत. अशा विद्वत्सभेत मॅट्रिक झालेल्या मास्तराने बोलावे हे धाष्टर्यच होय. शिवाय मुलांना उपदेश आम्ही आयुष्यभर केला. त्याचा परिणाम किती झाला हे आमचे आम्हांस ठाऊक. यास्तव आज मुलांना सोडून द्यावे आणि वडिलधाऱ्यांशीच, त्यांत प्रथम स्वतःशी, चार शब्द बोलावेत असे आम्ही ठरविले आहे. पुष्कळ वर्षे मनात सलत असलेली एक गोष्ट आपणांपुढे सांगून मोकळे व्हावे, हाही त्यात एक हेतू आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी आम्ही या मंडळाच्या शिक्षण-उपसमितीचे चिटणीस होतो. आपल्याच समाजातील एक तरुण मुलगी, नुकतीच शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झालेली, एका संध्याकाळी आमच्या घरी आली. तिने कोल्हापूरची आणि फलटणची एकेक शाळा पाहिली होती आणि त्या दर्शनाने तिचे मन भारून गेले होते. तिचे मागणे मोठे नव्हते. आपल्या मंगल कार्यालयाच्या मागील दोन खोल्या आणि ओटा तिला हवा होता. वीस मुले घेऊन ती एक लहानशी शाळा काढणार होती. बाके नकोत, घंटा नको. मुले गोलाकार बसतील, बाजारात जाऊन वजनमापे शिकतील, परसातील झाडांची नोंद ठेवतील, आपली पुस्तके आपण लिहितील, असे ती सांगू लागली. आम्ही विचारले, “मग पहिला नंबर कोणाचा काढणार ?” ती म्हणाली, “गुरुजी, नंबर काढायचाच नाही. वीसच्या वीस मुलं समजून वाचायला लागली की माझी परीक्षा झाली.”

आम्ही हसलो. केवळ आम्हीच नव्हे, उपसमितीतील सारेच हसले. शाळा म्हटली की नंबर हवा, छडी नसली तरी धाक हवा, हे आमच्या हाडीमांसी खिळलेले. तिचा अर्ज आम्ही नामंजूर केला. “कार्यालयाची जागा केवळ मंगलकार्यांकरिता राखीव असल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही, क्षमस्व,” असे पत्र आम्ही स्वहस्ते, वळणदार अक्षरात लिहून पाठविले. त्याची नक्कल आजही दप्तरात आहे. पुढे एकदा आम्ही त्या वर्षीची भाड्याची वही उघडून पाहिली. कार्यालय वर्षभरात अवघे ३८ दिवस भाड्याने गेले होते. उरलेले ३२७ दिवस तेथे पारवे घुमत होते.

त्या मुलीने एका पत्र्याच्या शेडमध्ये शाळा काढली. दोन वर्षे चालविली. तिसऱ्या पावसाळ्यात शेड गळू लागली, मालकाने भाडे वाढविले, आणि शाळा बंद पडली. ती पुण्यास गेली. तेथे एका शाळेत तिने चांगले नाव मिळविले. आजही लग्नकार्यात भेटली की आम्हांस वाकून नमस्कार करते, एक शब्दही कडू बोलत नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर आम्हांस अधिक बरे वाटले असते.

आता दुसरी गोष्ट. आमच्या वर्गात एका गवंड्याचा मुलगा होता. सातवीत काटकोन त्रिकोण शिकवीत असता आम्ही कर्णाच्या वर्गाचा नियम फळ्यावर लिहीत असू, मुले एका सुरात म्हणत, आणि हा खिडकीबाहेर पाही. गणितात तो नापास झाला. प्रगतिपुस्तकावर “अभ्यासात लक्ष नाही” असा शेरा आम्हीच मारला. त्याने शाळा सोडली. पुढे कित्येक वर्षांनी आम्ही गावी घराला एक खोली वाढविण्यास काढली, तेव्हा पाया आखण्यास तोच आला. त्याने खुंटी ठोकली, दोरी घेतली, एका बाजूस तीन फुटांवर आणि दुसऱ्या बाजूस चार फुटांवर खूण केली, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवीत राहिला. पाच भरताच म्हणाला, “बसला काटकोन.” तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, नऊ आणि सोळा पंचवीस, पाच पंचे पंचवीस ! आम्ही तेथेच चौथऱ्यावर बसलो. “अरे, हेच तर मी तुला शिकवीत होतो !” असे आम्ही म्हणालो, तेव्हा तो संकोचून म्हणाला, “असेल गुरुजी. पण तेव्हा दोरी नव्हती ना.”

बंधुभगिनींनो, वर्गात दोरी नेण्यास आम्हांस कोणी मनाई केली होती काय ? शाळेच्या कोठीत दोरी होती, अंगण होते, चुन्याची फक्की होती. नव्हती ती आमची दृष्टी. ज्याच्या हातात विद्या होती त्याला आम्ही निर्बुद्ध ठरविले, आणि जी मुलगी वर्गात दोरी आणू पाहत होती तिला आम्ही जागा नाकारली. या दोन्ही गोष्टी एकाच अज्ञानाच्या पोटी जन्मल्या, हे उमगण्यास आम्हांस निवृत्तीचे वय यावे लागले.

हे आजच सांगण्याचे कारण असे की, कार्यकारी मंडळापुढे पुन्हा असाच एक अर्ज आलेला आहे. आपल्या समाजातील एक जोडपे, मुलगा इंजिनियर व सून शिक्षिका, शहरातील नोकऱ्या सोडून येथे शाळा काढू इच्छिते. जागेचा प्रश्न आहे, आणि पहिल्या काही वर्षांच्या खर्चाचा प्रश्न आहे. अर्जावर चर्चा झाली तेव्हा जे आक्षेप निघाले ते आम्हांस ओळखीचे वाटले. त्यांपैकी बहुतेक पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याच मुखातून निघाले होते.

नवी शाळा काढणे हे आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, ती त्या काळी केवढी नवी होती ! १८८० सालच्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा सरकारी नोकरीची वाट सोडून आलेले ते तरुणच होते. आपण अशा थोर पुरुषांच्या तसबिरी लावतो, जयंत्या करतो. परंतु त्यांच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांची नावे आपणांस क्वचितच ठाऊक असतात. आजचा आमचा विषय त्या दुसऱ्या मंडळींचा आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेच उदाहरण घ्या. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८९६ साली संस्था स्थापिली. पुण्यात जनमताचा विरोध, प्लेगाचे दिवस, जागा नाही. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडीकरिता ७५० रुपये दिले. १९०० साली त्या झोपडीत आश्रम सुरू झाला. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच ! आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. आता विचार करा, पंधरा लाखांचे नाव विद्यापीठाला लागले हे योग्यच झाले. पण वीस वर्षांपूर्वीचे ते साडेसातशे रुपये नसते, तर पंधरा लाख देण्यास काही उरले असते काय? मोठे झालेल्या संस्थेस मोठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात. रोपट्याला ओंजळभर पाणी घालणारा दुर्मीळ असतो.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुले स्वतः राबत, स्वयंपाक करीत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र तेथलाच. परंतु एक वेळ अशी आली की वसतिगृहात धान्य उरले नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडण्यास दिले. गळ्यातील मंगळसूत्रही ठेवले नाही. ही गोष्ट आपण सभांतून मोठ्या अभिमानाने सांगतो, डोळ्यांतून पाणी काढतो. आम्हांस मात्र अलीकडे ती सांगताना मान खाली घालावीशी वाटते. त्या वेळी सातारा शहरात पैसेवाले कोणीच नव्हते काय ? शाळा काढणाऱ्याच्या घरातील स्त्रीला गळ्यातील सौभाग्यलेणे काढावे लागते, ही त्या माउलीची थोरवी खरी, पण ती भोवतालच्या समाजाची नामुष्कीही होय. अशी पाळी पुन्हा कोणावर येऊ नये, एवढ्याकरिता तरी आपल्यासारखी मंडळे असली पाहिजेत.

तिसरे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे धडे गिरवून ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात. आमच्यासारखा मास्तर असता तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडून स्वस्थ बसला असता. या दोघींनी काय केले ? मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले गुरे सोडून येऊ शकत नाहीत, म्हणून शाळा कुरणात नेली. ती कुरणशाळा. पुढे १९७५ साली भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. एका टेकडीवरचा प्रयोग देशाचा शब्द झाला. प्रयोग लहान आहे म्हणून त्यास नाक मुरडू नये, हे यातून आम्ही शिकलो.

ही परंपरा खंडित झालेली नाही. शिक्षकांना शिकविण्यात आयुष्य वेचलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढले. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन या विदुषी भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या, तेथल्याच झाल्या, भारताचे नागरिकत्व घेतले, आणि शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या गरीब वस्तीतील मुलांना वाचते करण्याच्या खटाटोपातून कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ साली उभी राहिली. शिरूर तालुक्यातील पाबळ या कोरडवाहू गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून आलेला हा शास्त्रज्ञ मुलांच्या हाती वेल्डिंगचे यंत्र, पाणाड्याचे काम, शेती, कोंबडीपालन, वीजजोडणी आणि रक्तगट-तपासणी देऊन त्यांतून विज्ञान शिकवीत असे. हाताने आधी करावे, मग का झाले ते विचारावे, ही त्यांची रीत. ती पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय म्हणून स्वीकारली. पाबळ आमच्या गवंड्याच्या मुलाला वेळेवर भेटते, तर त्याच्या प्रगतिपुस्तकावर आमचा तो शेरा खचित पडला नसता.

आज या कामाची निकड किती आहे, हेही पाहावे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ या नावाने खेड्यापाड्यांतील मुलांच्या वाचनाची पाहणी होत आली आहे. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता आला. शाळेत नाव आहे, गणवेश आहे, दुपारचे जेवण आहे. पण वाचन नाही. २०२० आणि २०२१ या महामारीच्या काळात शाळांना कुलपे लागली, तेव्हा तर शिकलेलेही पुसले गेले. आपण म्हणाल, आपल्या समाजाची मुले पुढे आहेत, हे बघा आज किती पारितोषिके वाटली. खरे आहे. परंतु जी व्यासपीठावर आली नाहीत त्यांची मोजदाद आपण केव्हा केली ?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, पूर्वी झोपडीत शाळा निघत. मग या तरुणांना इमारत कशाला हवी? त्याचे उत्तर कायद्यात आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार मान्यतेवाचून प्राथमिक शाळा चालविता येत नाही. आणि मान्यतेसाठी पक्की इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय आणि खेळाचे मैदान आवश्यक आहे. हे नियम मुलांच्या हिताचेच आहेत. त्यांविरुद्ध आम्ही ब्रही काढणार नाही. परंतु त्यांचा अर्थ असा की, आज ज्याच्यापाशी केवळ बुद्धी आणि तळमळ आहे तो शाळा काढू शकत नाही, आणि ज्याच्यापाशी केवळ पैसा आणि जमीन आहे तो खुशाल काढू शकतो. बुद्धी आणि जमीन यांची गाठ घालून देणारा तिसरा कोणी हवा. आपल्यापाशी इमारत आहे, मागे मोकळे आवार आहे, विहिरीला पाणी आहे.

दुसरा आक्षेप, ‘आपल्या ज्ञातीच्या पैशाने इतरांची मुले का शिकवावी ?’ हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो म्हणून आम्ही तो मोठ्याने उच्चारतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांना आश्रय दिला. त्याच महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सर्वांसाठी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. ज्ञातीची वसतिगृहे ही त्यांच्या दृष्टीने पायरी होती, माडी नव्हे. भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले, आणि बाहेर पडल्यावर त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविले. ज्ञातीने दिलेले ऋण असेच फेडावयाचे असते. शाळेच्या दारावर जात विचारली जाणार असेल, तर अशा शाळेस आपण एक छदामही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलाच्या शेजारी गवंड्याचा मुलगा बसला, तर दोरी तोच आणील !

तिसरा आक्षेप पैशाचा. ‘शाळा बुडाली तर ?’ बुडू शकते. प्रत्येक नवा प्रयोग तरतोच असे नाही. पण आपण लाखो रुपये खर्चून कार्यालयाचे प्रवेशद्वार संगमरवरी केले, त्याने किती मुले वाचू लागली, हा हिशेब आपण कधी मागितला नाही. मग वर्गाचाच हिशेब इतक्या कसोशीने का ? हिशेब अवश्य मागावा. मात्र तो वर्गाच्या वाढीला साजेसा मागावा. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी माती उकरून कोंब पाहणारा शेतकरी आम्ही तरी पाहिला नाही.

याचबरोबर एक इशाराही दिला पाहिजे. नवे म्हणून जे जे समोर येईल ते सारे उचलून धरावे, असे आमचे म्हणणे नाही. परदेशी नाव, वातानुकूलित मोटार आणि झुळझुळीत माहितीपत्रक म्हणजे नवी शाळा नव्हे. जुन्याला नावे ठेवणे म्हणजेही नवे नव्हे. पाढे पाठ असावेत, अक्षर सुवाच्य असावे, या मताचे आम्ही आजही आहोत. शाळा खरोखर नवी आहे की नाही, हे पाहण्याच्या आमच्या साध्या कसोट्या चार. मूल सकाळी आपण होऊन शाळेत जाण्यास निघते काय ? दुसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल, केवळ हुशार नव्हे, प्रत्येक मूल, समजून वाचते काय ? वर्गात शिक्षकापेक्षा मुले अधिक प्रश्न विचारतात काय ? आणि शिक्षकाला पोटापुरता पगार वेळेवर मिळून तो त्या शाळेत टिकतो काय ? या चार प्रश्नांची उत्तरे जेथे ‘होय’ अशी येतील, ती शाळा पत्र्याखाली भरत असली तरी आपली समजावी.

मग आपण नेमके काय द्यावे ? आमच्या अल्पमतीस सुचलेल्या गोष्टी सभेपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट जागा. मागील खोल्या आणि आवार या शाळेस तीन वर्षांच्या कराराने द्यावे. विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. म्हणून प्रारंभी तीन वर्षे, आणि काम पटले तर रीतसर मंजुरी घेऊन पुढे वाढ. लग्नसराईचे दिवस करारातच नमूद करावेत, म्हणजे कोणाची कुरकूर राहणार नाही.

दुसरी गोष्ट पगार. आपल्याकडे देणगी म्हटली की खोली बांधून तीवर नावाची पाटी बसविण्याची हौस फार. भिंत शिकवीत नाही, शिक्षक शिकवितो. दोन शिक्षकांचा तीन वर्षांचा पगार मंडळाने शिक्षणनिधीतून हमीने द्यावा. पाटी हवीच असेल तर ज्या दात्याने एका शिक्षकाचा वर्षाचा पगार दिला, त्याचे नाव या स्मरणिकेत ठळक अक्षरांत छापावे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. संस्थेची नोंदणी, हिशेबतपासणी, स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या २०१२ च्या कायद्याखालील अर्ज, इमारतीच्या सुरक्षिततेचे दाखले, या रानात नवखा माणूस हरवून जातो. आपल्यात वकील आहेत, हिशेबतपासनीस आहेत, बांधकामाचे जाणकार आहेत. त्यांनी आठवड्यातील दोन तास या तरुणांना द्यावेत. पैशापेक्षा हे दान मोलाचे.

चौथी गोष्ट सबुरी. आरंभी बालवाडी, आणि संध्याकाळी मोठ्या मुलांसाठी वाचनवर्ग, असे लहान पाऊल टाकावे; मान्यता मिळताच पहिलीचा वर्ग जोडावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाभूत टप्पा मानला आहे. तेव्हा बालवाडीपासून दुसरीपर्यंतची शाळा ही अपुरी शाळा नव्हे. तोच खरा पाया होय. दर तीन महिन्यांनी मंडळाच्या दोन सभासदांनी वर्गात जाऊन बसावे, प्रत्येक मुलाचे वाचन ऐकावे, आणि जे दिसेल ते, चांगले आणि वाईट, सभेस कळवावे.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. आपली मुले, नातवंडे या शाळेत घालावीत. ‘प्रयोग चांगला आहे, पण आमच्या बाळावर नको,’ असे म्हणणाऱ्यांच्या टाळ्यांनी शाळा चालत नाही. शेजाऱ्याच्या मुलावर प्रयोग आणि आपल्या मुलाला शिकवणी, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

हे सारे सांगताना स्वतः काय करणार, असे कोणी विचारील, आणि विचारावेच. आमच्या निवृत्तिवेतनातून दरमहा एक हजार रुपये तीन वर्षेपर्यंत आम्ही या शाळेस देऊ. आमची धाकटी नात येत्या जूनमध्ये बालवाडीत जाईल, ती याच बालवाडीत जाईल. सूनबाईंनी तसे आनंदाने मान्य केले आहे. आणि आठवड्यातून दोन दिवस आम्ही स्वतः तेथे जाऊन बसू. शिकविण्यासाठी नव्हे. नवे कसे शिकवितात ते पाहण्यासाठी, आणि मुलांना गोष्टी सांगण्यासाठी. एक सुतळीचा गुंडा आमच्या पिशवीत असेल.

पारितोषिके मिळविलेल्या मुलांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. मुलांनो, तुमच्या गुणांत काही उणे नाही. फक्त एवढे ध्यानी ठेवा की, तुम्ही व्यासपीठावर उभे असता खिडकीबाहेर पाहणारा एक मुलगा या सभेत आलेलाच नाही. मोठे व्हाल, चार पैसे मिळवाल, तेव्हा आपल्या नावाची खोली बांधण्यापूर्वी त्याची आठवण करा.

आणि सभासद बंधुभगिनींनो, आपणांपुढे शेवटची एकच विनंती. तो अर्ज आज कार्यकारी मंडळाच्या टेबलावर आहे. पंचवीस वर्षांपूर्वी नकाराचे पत्र आम्ही लिहिले, त्याचे उत्तरदायित्व आमचे आहे; ते आम्ही दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही. परंतु आमचा हात अजून थरथरत नाही, अक्षरही बरे येते. या वेळचे पत्र होकाराचे असावे आणि ते लिहिण्याचे काम आपण आम्हांसच सांगावे. त्याची एक नक्कल आम्ही पुण्यास, त्या दुसऱ्या मुलीकडे, पाठविणार आहोत.

बोलण्याच्या भरात वडीलधाऱ्यांचा अधिक्षेप झाला असल्यास क्षमा असावी.